पेंचला न्यायची बॅग

नागपूर, मंगळवार संध्याकाळ

बॅग अर्धी भरून पलंगावर पडली होती. शुक्रवारी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षबाईंविरुद्धच्या अविश्वास ठरावावर मतदान आहे. तोवर कुणी फुटू नये म्हणून आम्हा सदस्यांना उद्या पेंचच्या रिसॉर्टवर नेणार आहेत. फोनही काढून घेणार म्हणे.

अध्यक्षबाईंनी माझ्या गावांना मंजूर झालेल्या बोअरवेल स्वतःच्या सर्कलमध्ये, म्हणजे मतदारसंघात, वळवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना काढायलाच हवं. मग बॅग भरताना हात का थांबला?

आमच्या यांनी दारातूनच विचारलं, "आरोप खरा आहे नं? मग हात वर करायले तुले कोंडून काहून ठेवून राहिले?"

शेवटी ठराव मांडणाऱ्या शीलाताईंना फोन केला. म्हटलं, मी शुक्रवारी थेट सभागृहात येते, मत ठरावालाच देईन. त्या हसून म्हणाल्या, "अध्यक्षीणबाईनं काय कबूल केलं वं तुले?"

हे माझं तत्त्व, की नुसता ताठा? हात तर मी ठरावाच्या बाजूनंच वर करणार आहे. पण शुक्रवारपर्यंत सगळ्यांच्या लेखी मी फुटलेलीच.

कपडे परत कपाटात ठेवले. रिकामी बॅग मात्र अजून पलंगावरच आहे.