मुठीचं माप

वाडी, बडोदे
२३ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. अहल्याताईस,
उन्मेषचा शि. सा. न. वि. वि.

सोबत आपट्याचं पान आहे. चुरा झाला असेल तर पोस्टाला शिव्या घाल, मला नको. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. काही हवं असलं की आईला सांगतात, त्या कॉलेज सोडलेल्या गृहस्थांना विचार म्हणून. मी दिवसभर अलकापुरीच्या सायबर कॅफेत लोकांना ई-मेल उघडून देतो आणि गिऱ्हाईक नसलं की जगभरच्या तलवारी बघतो. ते असो.

आता खरी बातमी, बसून वाच. दसऱ्याला रसिकाच्या घरी, धनाजीरावकाकांकडे शस्त्रपूजेला गेलो होतो. त्यांनी घराण्याची तलवार उपसली, तर अर्धीच बाहेर आली! उरलेलं पातं गंजून म्यानातच राहिलं. रसिकाच्या लग्नात जावयाच्या हाती आता काय देणार, म्हणून काकांचा चेहरा एवढासा झाला. मग सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, उन्मेष, आता तलवार तूच कर, आणि तुझ्या हाताला आवडेल अशी कर.

ताई, सासऱ्याने जावयाला तलवार द्यायची हा त्यांचा रिवाज. मग माझ्या हाताला आवडेल अशी, याचा अर्थ काय होतो? तूच सांग. रसिका समोरच होती. खाली बघत होती.

माझ्या सगळ्या तलवारी पलंगावर मांडून बसलोय. तू जिला भाजीची सुरी म्हणायचीस ती स्टेनलेसची, भिंतीवर टांगायची. जोरात फिरवली तर पातं सुटून शेजारच्या पोळातल्या गल्लीत जाईल. देहरादूनहून मागवलेल्या दोन्ही मात्र खऱ्या पोलादाच्या, युरोपातल्या जुन्या सरदारांच्या नमुन्यावर केलेल्या. त्यातली एक टोकाकडे जड आहे, मनगट मोडते. दुसरी बोटावर तोलली की पाखरासारखी बसते. तिची परदेशी मूठ काढून आपली बसवणार. आपले पूर्वज तेच करत, पातं फिरंग्याचं आणि मूठ आपली. आपली मूठ आखूड असते, हात आत गच्च बसला पाहिजे, म्हणून ती ज्याच्या त्याच्या मापाचीच करावी लागते. माप कुणाचं घेतलं असेल ते सांगायला नकोच.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढव.

तुझा
उन्मेष


सातारा
३१ ऑक्टोबर १९९९

चि. उन्मेषला अनेक आशीर्वाद वि. वि.

पान अख्खं पोचलं. पत्र वाचून तुझे दाजी विचारतात, मेहुणे लग्नाला घोड्यावर येणार की हत्तीवर? मी हसले, पण पुरतं हसू आलं नाही.

बाळा, काका तुझ्या हाताला आवडेल अशी म्हणाले, तुझ्या हाती देतो म्हणाले नाहीत. मला आपलं वाटलं, हलवायाला सांगावं तुला गोड लागेल तसे लाडू कर, तसं तर नसेल? रागावू नकोस. एकदा जाऊन सरळ विचार. काकांना विचारायची छाती नसेल तर रसिकाला विचार. तिची खाली गेलेली नजर सांगतोस, ती बोलली काय ते कुठे सांगितलंस? दोन वर्षं तिच्याभोवती घुटमळतोस, तेवढ्यात तिने काहीतरी म्हटलंच असेल ना?

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. तिकडच्या बोलण्यात तू हल्ली आईलाही केम छो म्हणतोस असं ऐकलं. असो. उत्तर लवकर धाड, माझा जीव टांगू नकोस.

तुझी
ताई


वाडी, बडोदे
१८ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. ताईस सा. न.

तू हलवाई म्हणालीस ना? बरोबर ठरलीस. आता खूश हो.

विचारलं नाही मी. काकांनी एवढ्या माणसांत बोललेल्या शब्दावर खुलासा मागायचा, हे मला हलकेपणाचं वाटलं. परवा तलवार पूर्ण झाली. रेशमी रुमालात गुंडाळून घेऊन गेलो. नवा सदरा घातला होता, ताई. काकांनी पातं बघितलं, वाहवा केली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, कुणालराव, या, तुमची तलवार आली!

सावली गावच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मोठा हसरा. त्याने मुठीत हात घातला, तर तीनच बोटं गेली. चौथं बाहेर. सगळे हसले, तोही हसला. काका म्हणाले, अरे उन्मेष, ही तर तुझ्याच मापाची केलीस वेड्या, जरा मोठी करून दे. रसिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. फक्त ती हसली नाही. तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला बाजारात गाठलं. तुझ्यावर जबरदस्ती झाली असेल तर आत्ता सांग, म्हणालो, मी बघून घेतो सगळ्यांना. ती म्हणाली, कुणी जबरदस्ती केली नाही, मी स्वतः होकार दिला. दर जूनमध्ये तुला विचारत होते, कॉलेजचा फॉर्म कधी भरतोस. तू दर वेळी नव्या पात्याचं सांगत बसलास. तू माझ्याबद्दल बाबांशी बोलशील म्हणून थांबले, तर तू माझ्याशीही बोलला नाहीस. मग तिने मेथीची जुडी घेतली आणि गेली.

मी तिला बोललो नव्हतो, ताई? एवढी वर्षं मी दुसरं काय करत होतो?

तलवार ऐरणीवर ठेवली आहे. शेजारी घण आहे. तुकडे करून रुमालात बांधून पाठवतो. नाहीतर मांडवातच जातो आणि सगळ्यांसमोर विचारतो. होऊन जाऊ दे.

उन्मेष


सातारा
२४ नोव्हेंबर १९९९

चि. उन्मेष, आशीर्वाद.

खूश हो म्हणालास, ते माफ केलं.

तुझी वस्तू आहे, मोडायची तर मोड. पण मोडून काय सांगणार आहेस जगाला? कुणी तुला फसवलेलं नाही रे. फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं. मला माहीत आहे, तू लहानपणीही भांडायला कुणी नसलं की आजारी पडायचास.

मांडवात तमाशा केलास तर तो रसिकाच्या डोक्यावर फुटेल, तुझ्या नाही. जन्मभर सासरी ऐकावं लागेल तिला. तिने होकार दिलाय, तो तिचा आहे. तेवढा तरी तिच्याजवळ राहू दे.

मी पुढे काही शिकवत नाही. जेवत जा. तुझ्याविषयी वाईट वाटून इथे मीही धड जेवत नाही, हे लक्षात ठेव.

तुझीच
ताई


वाडी, बडोदे
१४ डिसेंबर १९९९

ती. सौ. अहल्याताईस,
उन्मेषचा सा. न. वि. वि.

परवा लग्न झालं. तमाशा केला नाही.

घण उचलला होता, खोटं कशाला सांगू. पण पातं इतकं सुरेख होतं की हात खाली आला. मग मूठ विस्तवावर धरली. आतली लाख वितळते आणि पातं आपोआप सुटून येतं, जोर लावावा लागत नाही. माझी मूठ बाजूला ठेवली आणि मोठी घडवून घेतली. कुणाल माप द्यायला कॅफेत आला होता. मला मोटाभाई म्हणाला. शिव्या देता येतील असं त्याच्यात काही सापडेना, ताई. मी फार शोधलं.

लग्नात काकांनी मलाच नवरदेवाच्या मागे उभं केलं, तलवार सांभाळायला तूच हवास म्हणून. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तुला ठाऊक आहे, आपल्याकडे प्रत्येक मावशीला एकेक म्हणायचंच असतं. चौथ्या मावशीला कुणालचा हात लटपटायला लागला. मान न वळवता तो पुटपुटला, भाऊ, ही पडणार, रसिकाच्या पायावर पडणार.

मी नुसता उभा राहिलो असतो तर ती पडली असती. पण मी पुढे वाकलो. त्याचं कोपर धरून बरगडीला टेकवलं, पात्याचा भार त्याच्याच खांद्यावर टेकवला, मनगट थोडं आत वळवलं. कानात म्हणालो, आवळू नका, बोटं सैल सोडा, ती आपली आपण राहते. तो थरथरायचा थांबला. शेवटपर्यंत तलवार हलली नाही.

अंतरपाट खाली आला. रसिकाने वर पाहिलं, त्याच्याकडे. मी त्याच्या खांद्यामागेच होतो, हातभर अंतरावर. तरी तिला तो एकटाच दिसला. अक्षता सगळ्यांनी टाकल्या. माझ्या मात्र घामाने मुठीतच चिकटून बसल्या, घरी येऊन धुतल्या.

मी थोडे दिवस साताऱ्याला येऊ का? दाजींना हवापालट सांग. मला काही विचारू नकोस, जवळ बसू दे, एवढं कर.

तुझा
उन्मेष