तौनो रौटिओ यांच्या ठासणीच्या बंदुकीबाबत

मी, हेल्वी रौटिओ, कै. तौनो रौटिओ यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार पेल्टो लेक, मिशिगन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. डॉक्टर उन्हाळ्याचं नाव काढायचं टाळतात, त्यावरून जे समजायचं ते मी समजले. आधीचं मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने चुलीत घातलं आहे.

१. राहतं घर, मागची वाफेच्या अंघोळीची सौना व सरपणाची खोली माझी एकुलती एक मुलगी सेन्या हिला मिळावी. सौनाचं धुराडं दर वर्षी बर्फ पडण्याआधी साफ करावं. ती करणार नाही, तरी लिहून ठेवते.

२. बँकेतील शिल्लक, अंत्यविधीचा खर्च भागवून, सेन्याला मिळावी. चर्चमधल्या कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव घरी भाजलेला असावा. दुकानातला आणलात तर मी उठून बसेन.

३. शेजारीण मॉड ट्रेवारो हिला यातून काहीही मिळणार नाही. ती साक्षीदार आहे, आणि जो साक्षीदार त्याने मृत्युपत्रातलं काही घ्यायचं नाही, असं वकीलबाईंनी दोनदा बजावलं. म्हणून माझा बिडाचा तवा मी कालच तिच्या हाती दिला. "अगं, अजून जिवंत आहेस ना!" म्हणाली, आणि तवा कोटाखाली घालून घेऊन गेली.

४. जंगलातील शिकारीच्या झोपडीचा तौनोच्या नावचा अर्धा वाटा माझा दीर ओनी रौटिओ याला मिळावा. ही तौनोची इच्छा. माझी नाही. ती झोपडी ओनीचा जीव की प्राण आहे. त्याने लग्नसुद्धा केलं नाही. तिथल्या शेगडीशीच संसार केला म्हणा ना.

५. तौनोची ठासणीची बंदूक. इथे मला सविस्तर लिहावं लागेल.

ही बंदूक बिनधुराच्या दारूसाठीच बनवलेली आहे. साध्या ठासणीच्या बंदुकीत ती दारू घातली तर नळी फुटते, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. पण ही दारू पेटायला नखरेल. तिला ठिणगी देणारी जोरकस टोपी लागते, गोळी नळीत घट्ट बसावी लागते, आणि थंडीत तर तिची मिजास विचारू नका. ओनी दारूचं माप ऑगस्टमध्ये ठरवायचा, घामाने निथळत, कागदावरच्या खुणेला गोळी लागली की खूश. "बिनधुराच्या दारूला थंडी बाधत नाही, वहिनी. उन्हाळ्यात उडाली ती हिवाळ्यातही उडणार." हे त्याचं तत्त्वज्ञान.

आठ वर्षांपूर्वी, डिसेंबरात, तौनोने त्याच मापावर चाप ओढला. नुसती टक. बंदूक रात्रभर ओसरीत होती. तशीच ठेवतात; उबेत आणली तर नळीला आतून घाम सुटतो. टक झाली तरी दारू उशिराने पेटू शकते, म्हणून नेम हलवू नये, समोर धरून थांबावं, हा नियम तौनोच मला सांगायचा. पण शेजारच्या झाडामागून ओनी ओरडला, "टोपी फुकट गेली! बदल पटकन, हरिण निघालं!" तौनोने टोपी बदलायला नळीमागचा खटका उघडला आणि तेवढ्यात आतली दारू पेटली. सगळी आग तोंडावर आणि गळ्यावर. रस्ता बर्फाने बंद. ओनीने एकट्याने त्याला बर्फावरच्या घसरगाडीवर घालून ओढलं. तौनो रस्त्यापर्यंत पोचला नाही.

आणि दफनानंतर, चर्चच्या तळघरात, तोंडात पाव असताना ओनी काय म्हणाला? "दादाचा हात धांदरट. नळीत तेल राहिलं असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे, नळी पुसलेलं फडकं मी धुतलंय! त्याला तेलाचा वाससुद्धा नव्हता. गावात आजही कोणाच्या हातून भांडं पडलं की "तौनो झाला" म्हणतात. मी ऐकते, आणि आतल्या आत जळते.

गेल्या आठवड्यात सेन्याने हीच बंदूक भिंतीवरून काढली. "आई, पुढच्या शुक्रवारी मी ओनीकाकांबरोबर जातेय. त्यांनी माप भरून दिलंय."

"कुठलं माप?"

"बाबांचंच."

माझा श्वास तसाही पुरत नाही; तेव्हा तर गेलाच. नवरा गेला, आता पोरगी त्याच मापावर. मी ओनीला बोलावून सांगितलं, "तुझं माप भर, बंदूक माझ्या ओसरीत ठेव, जुन्या घसरगाडीला बांध, चापाला दोरी लाव. सकाळी मातीच्या ढिगावर उडवून दाखव. मरणाऱ्या बाईचं एवढं ऐक."

सोमवारी सकाळी दोरी ओढली. धाड! बार चोख झाला. "बघितलंत, वहिनी?" ओनी म्हणाला. सेन्यानेही माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी म्हटलं, "ही कसली थंडी? पुन्हा भरून ठेव, आज रात्रीची येऊ दे." वरची चार कलमं मी त्याच दुपारी लिहिली, रागाने.

आज मंगळवार. पहाटे पापण्या गोठत होत्या. मी खुर्चीत, घोंगडीत गुंडाळलेली. सेन्या, मॉड आणि मॉडचा नवरा सिलास मागे उभे. ओनीने दोरी ओढली.

टक.

"टोपी फुकट गेली," ओनी म्हणाला. तेच शब्द. आणि तो बंदुकीकडे निघाला. मी त्याचा कोट धरला. माझ्यात जोर कुठला, पण धरला. "सोडा हो, वहिनी, मेलीये ती—"

धाड!

ओनी बर्फात मटकन खाली बसला. सेन्या हुंदके देत होती. ओनी म्हणाला, "त्याला खटका उघड म्हणून मीच ओरडलो, वहिनी." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. गावाला ठाऊक नाही."

म्हणून कलम ५ असं: बंदूक सेन्याला मिळावी. ओनीचं उन्हाळी माप तिच्यात पुन्हा कधीही भरू नये. नवं माप कडाक्याच्या थंडीत, दोरीनेच पारखावं. टक झाली तर नळी समोर धरून 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना सावकाश दोनदा म्हणावी, मगच हात लावावा. हरिण गेलं तर जाऊ द्यावं.

६. माझ्या दफनानंतर, कॉफी ओतण्याआधी, पुढील वाक्य मोठ्याने वाचावं: "तौनो रौटिओ धांदरट नव्हता. त्याची नळी कोरडी होती. माप चुकीचं होतं आणि हाक चुकीची होती."

हे लिहून मी मॉडच्या सहीनंतर कागद सिलासपुढे सरकवला. ओनी दाराशी उभा होता. "सिलास, पेन इकडे दे. त्या वाक्याखाली माझी सही हवी."

मॉड म्हणाली, "वेडा की काय? तुला झोपडी मिळतेय. तुझी सही चालायची नाही."

"मग झोपडी काढा."

मी म्हटलं, "ओनी, विचार कर. तुझ्याजवळ दुसरं आहे काय?"

"काढा म्हटलं ना, वहिनी."

सबब कलम ४ रद्द. तो अर्धा वाटाही सेन्याला मिळावा. खोडण्याची रेघ ओनीने स्वतः मारली. ती वाकडी आहे.

ठिकाण: पेल्टो लेक, मिशिगन
दिनांक: ९ डिसेंबर २०१४

हेल्वी रौटिओ

आमच्यासमक्ष सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही:

१. मॉड ट्रेवारो, शेजारीण
२. ओनी रौटिओ, तौनोचा भाऊ