नातीचं पहिलं वाक्य

आये, आधी आल्या विहीणबाई. व्याही मागून, धापा टाकत, कारण आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पुन्हा बंद. डोंबिवलीची माणसं, शिकलेली, दोघंही बँकेतून रिटायर. दारात पाय टाकायच्या आधी विचारतात, "बोलली का काही?" पोरगी समोर उभी, आणि हे विचारतात तिच्या डोक्यावरून मला! मी म्हटलं, बसा, चहा ठेवते. व्याह्यांना शुगर आहे हे ठाऊक असून साखर दोनदा टाकली.

तुला सांगायचं राहिलंच की. ही माझ्या लेकाची लेक. तिसरं सरत आलं, तोंडातून शब्द नाही. कान तपासले, चांगले आहेत. समजतं सगळं, 'चप्पल आण' म्हटलं की आणते, पाहुण्यांची असली तर लपवते. सून तिच्याशी इंग्लिशमध्ये, लेक मराठीत, खाली खेळणारी पोरं हिंदीत, आणि मी आपली तुझ्यासारखी. मी वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावलं. पोपटाने टोचलेला पेरू झाडाखालून शोधून आणला, तो धुवायचा नसतो, तसाच भरवला तर सून किंचाळली. व्याह्यांचं म्हणणं, आजीच्या गावठी बोलण्याने पोरगी गोंधळते. तिला डोंबिवलीला न्यायची, शाळा सुरू होईपर्यंत तिथेच ठेवायची. माझ्या घरातून! आंघोळ माझ्या हातची, घास माझ्या हातचा, आणि न्यायची म्हणे.

तू असतीस तर दोघांना जिन्यावरून ढकललं असतंस. आम्ही सात भावंडं तुझ्या तोंडून बोलायला शिकलो. तू कुणाला 'ये बाळा' म्हटल्याचं आठवत नाही. चुलीपुढे भाकऱ्या थापत तू शेजारणीला, सासूला, आम्हाला सोलत बसायचीस, आणि आम्हाला वाटायचं, बोलणं म्हणतात ते हेच. धाकटीचा पहिला शब्द 'मेली' होता. तू हसलीस आणि तिला गरम पापुद्रा दिलास. मी मात्र चौथी करून घरी बसलेली, तेरा-चौदाची, तुझेच शब्द तुला परत दिले, तर तू उलथनं उचललंस. कोपरावर खूण आहे अजून. ते शब्द तुलाही लागतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझा लेक त्या वयात उलट मुका झाला. दार लावून बसायचा. एकदाच बोलला, "आई, मित्र आले की तू बोलू नकोस ना, हसतात ते." मग त्याचे मित्र आले की मी पोहे ठेवायची आणि आत जायची.

तर विहीणबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. "सांग बघू सोनू, आ-जी. म्हण, आ-जी." पोरगी तोंड फिरवते. "बघा, काहीच नाही," त्या मला म्हणतात. "राग मानू नका हं, पण तुमच्याकडे कसं, बोलणं म्हणजे भांडणच." तेवढ्यात पोरगी मांडीवरून उतरली, कमरेवर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली, "कवा जाशील गो तू?"

अख्खं वाक्य, आये! आवाज तिचा, हेल माझा, म्हणजे तुझाच. ही दोघं आली की मी ओट्याशी हेच पुटपुटते, आणि ती माझ्या पायाशी डबे वाजवत बसलेली असते. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर. त्या रडतायत आणि मी म्हणतेय, "पुन्हा म्हण गो माझी बाय, पुन्हा म्हण!" पुन्हा म्हणाली. व्याह्यांनी कप खाली ठेवला. "आता मात्र न्यायलाच हवी." मी दाराशी उभ्या लेकाकडे बघितलं. तो सासऱ्यांकडे बघत म्हणाला, "आई, बास झालं. बाबा बरोबर बोलतायत."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तुला तर वाचताही येत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही ते इथेच लिहून ठेवते. सून कामावर गेली की मी पोरीला पुढ्यात बसवते आणि शिकवते, "म्हण, मना नाय जायचं. त्यांच्यासमोर म्हणायचं, मना नाय जायचं." ती ऐकते, माझ्या ओठांकडे नीट बघते, कमरेवर हात ठेवते आणि मलाच विचारते, "कवा जाशील गो तू?" मी हसते आणि साखर देते. काय करू, बोलते ना.

रविवारी सकाळीच न्यायला येतो म्हणून गेलेत.