वीसपैकी सतरा

असोदा, ता. जि. जळगाव
१५ जानेवारी २०२५

चि. कुंदन,

आईचे आशीर्वाद. काल संक्रांत झाली. तिळगूळ पाकिटात घातला नाही, पोस्टात मुंग्या लागतील. गोड बोलायचं तेवढं तुझं तू बघ.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतोस, मग मीही बोलते, आणि मग आपलं काय होतं ते दिवाळीत बघितलंच. पत्रात मला कोणी अडवत नाही.

केळीची बाग ठीक आहे. थंडीने पानं जरा पिवळी पडलीत, घड मागे राहिलेत. ज्योत्स्ना शाळेत शिकवायला जाते, येते, आणि मुक्ताईनगरच्या प्रेमराजचं नाव निघालं की उगाच घासलेली भांडी पुन्हा घासायला बसते. मला पहिल्या वर्षाला मानसशास्त्रात एकाहत्तर मार्क पडले. बावन्नाव्या वर्षी! मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या वर्गातली पोरं आधी 'काकू, तुम्ही कशाला आलात?' म्हणायची, आता नोट्स मागतात. तू अभिनंदन केलं नाहीस, पण तुला सांगितलंच नव्हतं, म्हणून माफ.

आता मुद्द्यावर येते. दोन फेब्रुवारीला, वसंत पंचमीला, ज्योत्स्नाची बैठक आहे. मुक्ताईनगरची दहा-बारा माणसं येतील, आणि भाऊबंदांसमोर 'मुलगी दिली' हा शब्द मुलीच्या बापाने द्यायचा, ही आपली रीत. उखर्डू आबांनी तुला फोन केला की तोतारामला काही समजत नाही, शब्द तू दे. तू हो म्हणालास. थोरले दीर म्हणून त्यांनी मला विचारलं नाही, आणि मुलगा म्हणून तूही नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी तुझे बाबा बागेत पडले आणि त्यांचा उजवा हात आणि बोलणं गेलं, एवढं तुला माहीत आहे. पुढचं मी सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानशिलाच्या जरा पुढे, शब्द तोंडावाटे बाहेर काढणारा भाग असतो. ऐकलेलं समजून घेणारा भाग वेगळा, मागे, कानाच्या वर. दुकानाचं शटर पडलं म्हणून मागचं गोदाम रिकामं झालं असं होत नाही. हे शिकले त्या दिवशी मी बसमधून उतरले ती तशीच खाटेपाशी गेले, पुस्तकातलं मेंदूचं चित्र त्यांच्यापुढे धरलं, बोट ठेवून म्हटलं, "तुमचं हे गेलंय. हे नाही." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गल्लीत लोक म्हणतात, तोतारामचं डोकं गेलं. म्हणणाऱ्यांची डोकी कुठे आहेत, ते मी विचारत नाही.

मग आम्ही खूण ठरवली. 'हो' म्हणजे डावा हात वर, 'नाही' म्हणजे खाटेवर थाप. मी वीस प्रश्न विचारले, विसाच्या वीस बरोबर. गल्लीभर सांगत सुटले. दिवाळीत तुला आणि आबांना समोर बसवून दाखवलं, आणि तू आबांच्या देखत म्हणालास, "आई, उत्तर 'हो' असलं की आधी तुझी मान हलते. बाबा तुझ्याकडे बघून हात वर करतात." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तू भाऊबीजेच्या सकाळी निघून गेलास, ज्योत्स्नाने ओवाळायच्या आधी.

डिसेंबरात आमच्या दिपमाला मॅडमनी संशोधन कसं करतात ते शिकवायला घेतलं. म्हणाल्या, सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक घोडा होता. मालकाने बेरीज विचारली की टापा आपटून उत्तर द्यायचा. लोक थक्क व्हायचे. पुढे एकाने नीट तपासलं तर घोडा मालकाचा चेहरा वाचत होता. बरोबर आकडा आला की मालक नकळत सैल पडायचा आणि घोडा थांबायचा. मालक लबाड नव्हता, त्याला स्वतःलाच हे माहीत नव्हतं.

बाकावर बसल्या बसल्या मला तुझं दिवाळीतलं बोलणं आठवलं. तू बरोबर होतास. हात थांबतोय, तरी लिहिते, कुंदन, तू बरोबर होतास. घरी येऊन मी खाटेच्या मागे उभी राहिले, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसणार नाही, आणि नवे वीस प्रश्न विचारले. चौदा आले. म्हणजे आधीच्यातले निदान सहा माझ्या मानेचे होते. दोन दिवस मला घास गेला नाही.

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, ज्याला उत्तर माहीत आहे त्याने प्रश्न विचारायचाच नाही. आणि ज्याचा विश्वास नाही त्याच्याकडून प्रश्न काढून घ्या." विश्वास नसलेला माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती. उखर्डू आबांनी वीस चिठ्ठ्यांवर बागेचे वीस प्रश्न काढले, दहा 'हो'चे, दहा 'नाही'चे, उलटसुलट. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातली आणि पाकीट डिंकाने चिकटवलं. विचारायला मॅडम स्वतः आल्या. त्या शिंदखेड्याच्या, कापूस-बाजरी बघत वाढलेल्या. केळीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

परवाच्या रविवारी हे झालं. आबा ओट्यावर, मी स्वयंपाकघरात, दार लोटून. आत मॅडम आणि तुझे बाबा.

आबांचे प्रश्न काय एकेक खवचट! एक होता, "कांदेबागेत कांदे लावतात का?" मॅडम नंतर म्हणाल्या, त्यांना मनातून वाटलं, लावतच असतील. बाबांनी थाप मारली. दिवाळीनंतरच्या केळीच्या लागवडीला आपण कांदेबाग म्हणतो, हे त्या बाईच्या गावीही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर 'हो' असताना त्यांनी 'नाही' सांगितलं!

पाकीट फोडलं. वीसपैकी सतरा. मॅडम म्हणाल्या, नाणं उडवून उत्तरं दिली तर सतरा किंवा जास्त बरोबर हजारात एखाद वेळीच येतील. मी ऐकलं आणि चुलीपाशी बसून रडले. मॅडम एरवी पुस्तकातलं मराठी बोलतात, पण त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "रडू नका ताई, मी बठ्ठं लिखी लिधं शे." सगळं लिहून घेतलंय म्हणून.

चुकलेल्या तिनांतलं एक तुला सांगायलाच हवं. "केळफूल विळ्याने कापावं का?" आबांचं उत्तर, हो. तुझ्या बाबांनी थाप मारली. मॅडमना वाटलं ऐकू आलं नसेल, पुन्हा विचारलं, तर एवढी जोरात थाप मारली की ओट्यावर ऐकू आली. केळफूल हातानेच मोडायचं, विळा लावायचा नाही, यावरून या दोघा भावांची वीस वर्षं बागेत भांडणं झालीत, तू लहानपणी ऐकली आहेस. आबांनी मॅडमनी टिपलेलं ते उत्तर वाचलं, टोपी काढली, आणि म्हणाले, "अरे, हा तोतारामच हाये! माह्यं आजवर एक डाव बी ऐकलं न्हाई यानं!" मग खाटेपाशी जाऊन भावाच्या गळ्यात पडले. मॅडमना म्हणायला लागले, हे उत्तर बरोबर धरा, अठरा करा. मॅडम ऐकेनात. निकाल बघून उत्तरपत्रिका बदलायची नसते. मलाही सतराच आवडले. कोणी वाढवून दिलेले नाहीत.

इथे पत्र संपवलं असतं तर मी जिंकले असते. पण आमच्या मॅडम म्हणतात, आपल्याला गैरसोयीचं निघालं तेही लिहायचं.

मी एकविसावी चिठ्ठी घातली होती, पाकिटात जिचं उत्तर नव्हतं. "बैठकीत शब्द तुम्ही स्वतः द्याल का?" तोंडाने नाही तर हात वर करून देतील, सगळे भाऊबंद बघतील, असं माझ्या मनात होतं. त्यांनी थाप मारली. मॅडमनी विचारलं, मग उखर्डू आबांनी द्यावा? थाप. कुंदनने? हात वर. उलटून विचारलं, कुंदनशिवाय दुसरं कोणी चालेल? थाप. पुन्हा विचारलं, कुंदननेच? हात वर गेला तो खाली येईना. शेवटी मॅडमनी धरून खाली ठेवला.

मला राग आला. दोन वर्षं भरवते मी, कूस बदलते मी, आणि मान मुलाचा!

मग दिवाळी आठवली. आता लिहिते. तुला मी म्हणाले होते, "तुला बाप मेलेलाच सोयीचा आहे." खाटेपासून चार हातांवर उभी राहून म्हणाले. त्यांना सगळं समजतं हे सिद्ध करायला मी धावत होते, आणि हे त्यांना समजलं असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. तू बॅग उचलून गेलास तेव्हा ते दाराकडे बघत राहिले. मी म्हटलं, थंडी वाजत असेल, आणि दार लावून घेतलं.

आबांनी विचारलं, बाकीच्यांची उत्तरं पाकिटात होती, हे शेवटचं त्याचंच कशावरून? मी सांगितलं, कारण माझ्याकडून ते येणं शक्य नव्हतं. माझ्या मनात उलटं होतं.

तेव्हा शब्द तू द्यायचा आहेस. त्यांना समजत नाही म्हणून नाही, त्यांनी सांगितलं म्हणून. त्यांच्या डाव्या बाजूला बस. हात वर झाला की मगच बोल. एक दिवस आधी ये. ज्योत्स्नाने भाऊबीजेचं ताट बाकी ठेवलं आहे.

मी बोलले ते चुकलं होतं. हे कोणी माझी मान बघून काढलेलं नाही, माझं मी लिहिते आहे.

तुझ्या बाबांच्या सांगण्यावरून,
तुझी आई
बेबाबाई