शंकरप्पाच्या घराचा मालक

लिहून ठेवणार : कोंडीराम ज्ञानोबा जावळे, वय त्र्याहत्तर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, राहणार जुनं गावठाण, धाराशिव. माझं डोकं शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. पत्नी द्वारकाबाई समोर बसून शेंगा फोडते आहे, तो दबाव धरू नये.

कलम १. मालमत्तेत मुख्य आहे ते राहतं घर. दगडी जोतं, सागवानी दार, वर मातीचं माळवद. लोहाऱ्यातलं घर विकून हे मी एक्क्याण्णव साली शंकरप्पा या किराणा व्यापाऱ्याकडून घेतलं. दर्गा आणि देऊळ दोन्ही चालत गाठता येईल अशा जुन्या गल्लीत आपलं घर असावं, ही माझी हौस. माळवद गळत नाही, असं शंकरप्पांनी शपथेवर सांगितलं आणि ते सोलापूरला गेले ते गेलेच. गळक्या जागेखाली ठेवायची पितळी बादली त्यांच्या मुलाला सोलापुरात पोचती करावी.

कलम २. खरेदीखत, घरपट्टी, वीजबिल सगळं माझ्या नावावर आहे. गल्लीच्या तोंडी मात्र ते आजही शंकरप्पाचं घर आहे. मी दारावर 'कोंडीराम निवास' अशी संगमरवरी पाटी लावली. लोक पाटी वाचतात आणि विचारतात, शंकरप्पाचं घर हेच ना. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं ते गल्लीला बघता बघता पाठ झालं, माझं व्हायला चौतीस वर्षं पुरली नाहीत. मुलगा कुलदीप याच्या लग्नपत्रिकेत मला स्वतःच्या हातानं 'शंकरप्पाचं घर' असं कंसात घालावं लागलं, नाहीतर पाहुणे गावभर फिरत बसले असते. गेल्या वर्षी छातीत कळ आली तेव्हा अँब्युलन्सवाल्याला मी 'कोंडीराम निवास' असंच सांगत राहिलो. शेवटी जीव प्यारा होता म्हणून शंकरप्पाचं घर म्हणालो, आणि गाडी लगेच आली. त्या दिवशी मला मरणाची वाटली नाही तेवढी एका गोष्टीची भीती वाटली, की मी गेल्यावर या गल्लीत माझं म्हणून काहीच उरणार नाही.

कलम ३. शेजारीण धुरपदाबाई. "शंकरप्पाकडं जावा, तिथं ते कंडक्टर ऱ्हातेत," असं माझ्या पाहुण्यांना सांगणारी हीच. जणू मी भाडेकरू. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं वकील म्हणाले. म्हणून तिला मुद्दाम साक्षीदार घेतलं आहे.

कलम ४. कुलदीप पुण्यात असतो. घर विकून टाका, असा त्याचा धोशा आहे. हे घर कधीच विकू नये, अशी अट मी घालणार होतो. तसा मसुदाही झाला होता. तेवढ्यात भाचीच्या लेकराच्या बारशासाठी लोहाऱ्याला जाणं झालं. जीपवाल्याला मी मारुतीचं देऊळ सांगितलं. तो पंचविशीतला, मला ओळखत नव्हता. त्यानं विचारलं, "कंडक्टरच्या घराच्या अलीकडं का पलीकडं?"

मी त्या घरापाशीच उतरलो. मी विकलेलं माझं घर. आता तिथं रामकिसन नावाचे गृहस्थ राहतात. मी कोण ते सांगितल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुमीच का ते?" ते म्हणाले. "किती पाट्या बदलल्या म्या. पोरीच्या पत्रिकेत बी तुमचंच नाव छापावं लागलं." मग त्यांनी आत नेऊन चहा पाजला. मी शंकरप्पांची तक्रार केली, त्यांनी माझी केली, आणि दोघांनाही फार बरं वाटलं.

घरी येऊन द्वारकाबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग सोपं हाय की. घर सोडल्याबिगर मालकाचं नाव लागत न्हाय."

म्हणून आधीचा मसुदा फाडला आहे. द्वारकाबाईनं हयातभर याच घरात राहावं, तिच्या मर्जीविरुद्ध तिला कोणी पुण्याला हलवू नये. नाव कोणाचं का असेना, हे घर मला कधी परकं वाटलं नाही ते तिच्यामुळे. तिच्या मागे घर खुशाल विकावं. पाडणाऱ्याला देऊ नये, घरच उरलं नाही तर नाव कशाला चिकटणार. घेणारा माझ्यासारखा हौशी असावा. माझी संगमरवरी पाटी त्याला फुकट द्यावी, तिची मागची बाजू कोरी आहे.

कलम ५. बँकेतली ठेव द्वारकाबाईची, तिच्या मागे कुलदीप आणि येडशीला दिलेली मुलगी राजेश्वरी यांना सारखी. तिकिटाला भोकं पाडायचा माझा पंच नात वैष्णवीला द्यावा. तिनं तो घरातल्या कागदपत्रांवर चालवू नये.

कलम ६. मी गेल्याचा निरोप देताना पत्ता 'शंकरप्पाचं घर' असाच सांगावा. माणसं वेळेवर पोचली पाहिजेत. माझं नाव लागेल सावकाश, मला आता घाई नाही.

हे वाचून, द्वारकाबाईला मोठ्यानं वाचून दाखवून, खाली सही केली आहे.

स्थळ : धाराशिव
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : कोंडीराम ज्ञानोबा जावळे

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्षीदार :

१. शिवशरण बसवणप्पा पाटील, राहणार शंकरप्पाच्या घरासमोर
२. धुरपदाबाई रंगनाथ माने, राहणार शंकरप्पाच्या घराशेजारी