आठवी-बचा एक सूर

ती. चारुदत्तकाका,

रोडपालीहून चारुताचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? चिपळूणला काकूंचे पापड सुरू झाले असतील. इकडे सगळे ठीक (माझ्या घशाची तेवढी तक्रार).

यंदा आठवी-बला मी मिनिमलिस्ट संगीत रचायला शिकवलं. मोजकेच सूर घ्यायचे, तेच तेच वाजवायचे आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू बदलायचे. (निनाद म्हणाला, हे तर आपलं लग्नच आहे.) मुलं खूश, मुख्याध्यापिका मनिषा मॅडम नाखूश. स्नेहसंमेलनात हे फसलं, तर संगीताचा तास गणिताला जाईल, असं त्यांनी बजावलंच होतं.

वर्गात मैना आहे, उरणकडच्या मिठागरवाल्यांची. वर्षभर तोंडातून शब्द नाही. तिने पेटीवर एकच सूर मागितला. मी दिला आणि ठरवलं, बाकीच्यांनी त्यावर तीन-चार सुरांच्या ओळी फिरवत राहायच्या आणि ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं. सरावात नऊ मिनिटं लागायची.

शनिवारी दुपारी स्नेहसंमेलनात नऊ मिनिटं झाली, मैना थांबेना. मी पडद्याआडून खुणा केल्या, हात हलवले, शेवटी चप्पल दाखवली. मग हॉलकडे लक्ष गेलं. पंखे संथ फिरत होते. आयांचे मोबाईल कधीच खाली गेले होते. मनिषा मॅडम खिडकीबाहेर कुठेतरी फार लांब बघत होत्या. मीही पायरीवर टेकले, आणि खुणा कशासाठी करत होते तेच आठवेना. सूर चालूच, जणू भरतीचं पाणी कुणाला न सांगता चढत होतं.

सव्विसाव्या मिनिटाला मैनाने बोट उचललं. टाळ्या वाजवायच्या असतात, हे बराच वेळ कुणाला सुचलं नाही.

नंतर तिला विचारलं, का गं थांबली नाहीस?

“बाई, सगली कशी निवली व्हती. मना थांबवाचा नाय वाटला.”

काका, मी पडद्यात तोंड खुपसून रडले (पडदा धुळकट, घशाचं कारण तेच).

तुमची,
चारुता

ता. क. : मॅडमनी विचारलं, याचा उपयोग काय? मी तंद्रीतच सांगून बसले, की तीन सुरांची ओळ आणि चार सुरांची ओळ बारा ठोक्यांनंतर पुन्हा एकत्र सुरू होतात, म्हणजे हे गणितच आहे. संगीताचा तास वाचला. सोमवारपासून आठवीचं गणितही मलाच दिलंय. तुम्ही चौतीस वर्षं गणित शिकवलंत, तर आठवडाभर राहायला या. निनाद पनवेल स्टँडवर घ्यायला येईल.

ता. क. २ : त्या बाराला लसावि म्हणतात की मसावि? मी दोन्ही म्हणाले.