आजीची शिंक

ऑकलंड,
९ जून १९८६

चि. पेलेनातो यास,
ताईचे अ. उ. आ. इकडील सर्व क्षेम, माझे गुडघे सोडून.

बिस्किटांच्या कारखान्यात मला आता बसायचं काम दिलंय. समोरून बिस्किटं सरकत जातात, त्यातली फुटकी निवडायची. इतकी वर्षं निवडतेय की आता चर्चमधल्या बायकांकडे बघतानासुद्धा कोण कुठे फुटलीय तेच आधी दिसतं. लुसिया म्हणते, आई, पुरे झालं, घरी बस. लेक गुणाची आहे, पण तिच्या घराची दारं बंद, खिडक्या बंद. शेजारी कोण राहतं ते मला अजून ठाऊक नाही. आपलं बिनभिंतीचं घर आठवतं, रस्त्यावरून कोण चाललंय ते पडल्या पडल्या दिसायचं.

सरळच सांगते. मला गावी परत यायचंय. पण धाकट्या भावाच्या जिवावर खाणारी म्हातारी म्हणून नाही यायचं. एवढी वर्षं इथून तुम्हाला पैसे पाठवले, आता हात हलवत येऊन तुझ्या ताटात बसू होय?

म्हणून मला आजीची शिंक आठवली. लहानपणी आपण त्या काळ्या खडकातल्या भोकात नारळ टाकायचो आणि खालून समुद्र तो माडाच्या वर भिरकावायचा. अरे, असलं बघायला इकडची माणसं विमानं करून जातात. लुसियाच्या कचेरीतली एक बाई फिजीला जाऊन धबधबा बघून आली, वर्ष झालं तरी तेच दळण दळतेय. नुसतं वरून पाणी पडतं त्याचं एवढं कौतुक, आपलं तर खालून वर जातं.

सोबत रंगाचे डबे पाठवतेय. रस्त्यावर पाटी लाव. पाहुणा आला की पैसे घ्यायचे, शिंक दाखवायची, हसून निरोप द्यायचा. बाकी काही करायचं नाही. शिंक स्वतःच्या पायावर उभी राहिली की मी आलेच म्हणून समज.

थंडीत कुडकुडणारी, पण मायेची ऊब असलेली,
तुझी ताई सालाफाई


फालेसामा, सावाई बेट,
२१ जुलै १९८६

ती. सालाफाईताईस,
पेलेनातोचा सा. न. वि. वि. तुझ्या कृपेने पाटी लागली. अक्षर पाद्रीबुवांचं आहे, त्यामुळे दुरून बघणाऱ्याला वाटतं की आत प्रार्थना चालू आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला पहिले पाहुणे आले. जर्मन नवरा-बायको, बसमधून उतरले ते घामाने निथळत. आता ताई, तूच सांग, दारात आलेल्या माणसाला पैसे टाक आणि जा खडकावर, असं म्हणायचं? आपल्या बापाने ऐकलं असतं तर चर्चमागच्या कबरीतून उठून आला असता. मी त्यांना घरात घेतलं, चटई टाकली, आव्याची मुळी पाण्यात घोळवली, त्या पेयाची वाटी हातात दिली आणि रीतीप्रमाणे स्वागताचं बोललो. थोडक्यातच आटोपलं. आपल्या घराण्याची मुळं, गावच्या सरदारांची नावं, त्यांच्या जर्मनीच्या सरदारांचाही मान राखला, ते कोण हे मला माहीत नसताना. नवऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी तो मांडी घालून बसला. माणूस खानदानी असावा.

मग जेवण. उमूच्या तापल्या दगडांतून डुकराचं भाजलेलं पिल्लू काढलं, अळूचे कांदे होते, नारळाच्या दुधातली पानं होती. बाईने तीनदा घेतलं.

एवढं होऊन शिंकेकडे गेलो तर ओहोटी लागलेली. आजी नुसती नाक ओढत होती. मी एक नारळ टाकला, तो आतच अडकून बसला. पाहुणे मात्र मोठ्या मनाचे, म्हणाले छान आहे. जाताना त्यांना एक चटई आणि अळूची टोपली दिली. बाई रडली. पैशांचं राहूनच गेलं. माझं मीठ खाल्लेल्या माणसापुढे हात पसरायला मी तोंड कुठून आणू?

त्यानंतर आणखी तीन वेळा पाहुणे आले. सगळ्यांचं असंच झालं. आता कुंपणात दोनच डुकरं उरलीत आणि मला बघितलं की ती लपतात.

दर रविवारी माशाचं डोकं बहिणीचा वाटा म्हणून अजूनही बाजूला काढतो. तू नाहीस म्हणून तो कुत्रा खातो. कुत्रा फार माजलाय, हल्ली पाद्रीबुवांवरसुद्धा भुंकतो.

तुझ्या वाट्याचा धनी होऊन बसलेला तो कुत्रा, आणि मी, दोघंही तुझी वाट बघतोय.
पेलेनातो


ऑकलंड,
१४ ऑगस्ट १९८६

चि. पेलेनातोस आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून लुसिया हसून हसून लोळली. मी नाही हसले. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! पाटी शिंकेची आणि शिंक कुणी बघितलीच नाही. आणि पेलेनातो, तुझं थोडक्यातलं बोलणं मला माहीत आहे. माझ्या लग्नात तू थोडक्यात बोललास तेव्हा नवरदेव झोपला होता, आणि पुढे जन्मभर झोपाळूच राहिला बिचारा.

आता नीट ऐक. आपल्या चर्चमधल्या एका बाईचा भाचा पलीकडच्या बेटावर, राजधानीत, आपियात असतो. तो म्हणतो की प्रवासी कचेरी बेटांवरच्या बघण्याजोग्या जागांचा नकाशा छापतेय. त्यासाठी एक साहेब गावोगाव हिंडतोय, सप्टेंबरात आपल्याकडे येईल. शिंक एकदा त्या नकाशावर चढली की माणसं मुंग्यांसारखी येतील, आणि मला यायला तोंड राहील. नाही चढली तर मी इथेच फुटकी बिस्किटं निवडत मरेन. एवढं सगळं त्या एका माणसावर आहे, आणि तो माणूस तुझ्या हातात आहे, याचीच मला धास्ती वाटते.

तेव्हा तुला आईची शपथ. भाषण करायचं नाही. आवा नको, डुक्कर नको, बस म्हणूसुद्धा नकोस. बसमधून उतरला की हात धर आणि भर भरतीत शिंकेवर ने. तोंड उघडलंस तर याद राख.

रागावलेली, आणि रागावूनही तुझीच,
सालाफाई


फालेसामा,
१८ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. तुझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा शब्द न शब्द ऐकलं, आणि त्याचं काय झालं ते आता ऐक.

सोमवारी भर भरतीला बस आली. उमू पेटवला नव्हता, चटया गुंडाळून ठेवल्या होत्या, घरच्यांना परसात धाडलं होतं. मी रस्त्यावर ओठ घट्ट मिटून उभा. तू साहेब म्हणालीस म्हणून मी टोपीवाला गोरा शोधत होतो. उतरला तो आपलाच माणूस, इओसेफो नावाचा, कमरेला इस्त्रीचं लुंगीवस्त्र. त्याचा बाप पूर्वेकडच्या गावचा बोलका सरदार, गावाच्या वतीने भाषण करणारा, म्हणजे माझ्याच बरोबरीचा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली आव्याची मुळी, रीतीप्रमाणे आपल्या घराला द्यायला आणलेली. त्याने मुळी पुढे केली आणि नमस्काराचं बोलायला घसा खाकरला. ताई, तेवढ्यात मला तुझी शपथ आठवली. मी त्याचा हात धरला आणि पळत सुटलो.

आजी अशी शिंकली की तशी शिंक मी जन्मात बघितली नव्हती. इओसेफो नखशिखांत भिजला. कागद भिजले, आव्याची मुळी भिजली, एक चप्पल समुद्रात गेली. परतीच्या बसमध्ये चढताना एवढंच म्हणाला की ज्या घरात पाहुण्याला बसा म्हणत नाहीत, त्या घराबद्दल मी काय लिहू.

गाव माझ्यावर तुटून पडलं. सरदारांच्या बैठकीत म्हणाले की फालेसामाचं नाक कापलंस. दोन डुकरं होती, तीही दंडात गेली. आता आपियाला जाऊन त्याच्या अंगणात डोक्यावरून बारीक विणीची चटई घेऊन बसायचं, ते चटई उचलतील तेव्हा क्षमा झाली. आपल्या घरची तशी एकच आहे, आईच्या हातची, आणि ती तुझ्या पलंगाखाली आहे. तेवढी पोस्टाने पाठव.

शिंक नकाशावरून गेली ताई. तुझं येणंही माझ्याच हाताने गेलं. मला फार वाईट वाटतंय. रविवारी मासा कापायला बसलो तर हातच चालेना, अख्खाच कुत्र्याला घातला.

तुझा मुका झालेला भाऊ,
पेलेनातो


ऑकलंड,
२ ऑक्टोबर १९८६

चि. पेलेनातोस आ.

आईची चटई आणि पोस्टाने? पोस्टातल्या माणसाने तिच्यावर शिक्का मारला तर? ती मी नेली होती, मीच आणणार. शनिवारच्या विमानाने येतेय. फक्त चटईपुरती हं, परतीचं तिकीट काढलंय, उगाच गाव गोळा करू नकोस.

मुका वगैरे होऊ नकोस, तुला शोभत नाही. शपथ मी घातली होती, तू नुसती पाळलीस. चटई मोठी आहे, आपण दोघंही मावू तिच्याखाली.

बाकी समक्ष रागवेन.
ताई


फालेसामा,
२४ नोव्हेंबर १९८६

चि. लुसियास,
आईचे अ. उ. आ. तुझी दोन पत्रं आली, उत्तर द्यायला आत्ता बूड टेकलंय.

त्या आपियाच्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. उजाडताच तुझा मामा आणि मी इओसेफोच्या अंगणात चटई डोक्यावर घेऊन बसलो. आत इतकं उकडत होतं आणि मामा कानाशी सारखा कुजबुजत होता की माफीचं थोडं बोलू का. मी चिमटा काढून गप्प केला. इओसेफो पाव आणायला गेला होता. परत येऊन बघतो तर दारात चटई, आणि चटईखालून चार म्हातारे पाय. त्याच्या हातचा पाव खाली पडला. म्हणाला, अहो, मी तर तेव्हा बसमध्येच विसरलो होतो, माझा राग चपलेवर होता. पण त्याच्या आईने चटई उचलली, मला मिठी मारली आणि मग स्वागताचं बोलायला उभी राहिली. आमची परतीची बोट चुकली. इतकं बोलली, देवा, पण काय सुंदर बोलली.

दुसऱ्या दिवशी इओसेफो आमच्याबरोबर गावी आला, शिंक पुन्हा बघायला. मी मामाला बजावलं की आज मी बोलते, दोन वाक्यं बोलेन आणि त्याला घेऊन निघू. भरती सूर्यास्ताची होती, वेळ भरपूर होता. आणि मग तो पाहुणा आपल्या घरात खांबाला टेकून बसला, चारी बाजूंनी वारा आला, रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांनी मला हाक मारली. माझं तोंड उघडलं ते मिटेचना. मी पणजोबांपासून सुरू केलं. बोटीने गेलेल्यांची नावं घेतली, परत न आलेल्यांची घेतली. मामा खुणा करून थकला आणि शेवटी स्वतःच रडायला लागला. शिंकेवर पोचलो तेव्हा अंधार होता आणि आजी नाक ओढत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण इओसेफोने शांतपणे विचारलं की आजी परत कधी शिंकेल. मामा म्हणाला, सकाळी. मग राहतो की, असं म्हणून तो जेवला आणि झोपला. सकाळी त्याला एकही शब्द न बोलता शिंकेवर नेलं, बोलायचं काही उरलंच नव्हतं. मी नारळ टाकला. एक टाकला आणि दोन वर गेले. मामा शपथेवर सांगतो की दुसरा त्या जर्मनांच्या वेळचाच होता. तो थेट पाद्रीबुवांच्या पाटीवर आपटला.

नकाशा छापून आला. आपल्यापुढे लिहिलंय, फालेसामा, आजीची शिंक, एक रात्र मुक्काम करूनच बघावी. आता पाहुणे येतात ते पिशव्या घेऊनच येतात. एका भरतीला मामा बोलतो, दुसऱ्या भरतीला आजी शिंकते, आणि मधल्या वेळात अंथरुणं, मच्छरदाण्या, स्वयंपाक. ते मामाच्याने होणारं नाही. पैसे मागायचे झाले की तो माडावर चढतो. मग मीच मागते. फुटकी बिस्किटं निवडून निवडून माझा चेहरा तेवढा कडक झालाय. इथे मी कुणाच्या जिवावर खात नाही, लुसिया, उलट आता मामाच माझ्याकडे डुकरासाठी पैसे मागतो.

परतीच्या तिकिटाची तारीख गेली त्या दिवशी मी चादरी वाळत घालत होते. संध्याकाळी आठवलं. तू रागावू नकोस. मुलांना सुट्टीत घेऊन ये, तुला पाहुणी म्हणून दोन्ही भरत्या पुरतील एवढं बोलायचं माझ्याजवळ आहे.

रविवारी माशाचं डोकं आता माझ्या ताटात येतं. कुत्रा समोर बसून माझ्याकडे एकटक बघतो, माझ्याशी बोलत नाही. त्याचंही खरं आहे, इतकी वर्षं त्याने माझा वाटा राखला. मी त्याला गालाचा तुकडा देते.

माझा लोकरीचा कोट कपाटात लटकतोय, तो कुणाला तरी देऊन टाक.

तुझ्यावरचा जीव तसूभरही न हललेली,
आई